मान जरा खाली

घणसोली गावात, तळ्याकडे वळणाऱ्या गल्लीत
माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक बाकडं,
एक स्पीकर, बास आला की फाटणारा.
शुक्रवारपासून त्यावर खाजणच चालू आहे.
बारा वर्षांनी आलाय, तेरा गाणी घेऊन.
अल्बमचं नाव 'साडेबारा टक्के'.

"नाव बरोबर ठेवलंय," प्रणित म्हणाला,
"तेवढाच ऐकण्यासारखा आहे."
प्रणित पार्सलं पोचवतो, हेल्मेटनं टाळू विरळ झालीय,
तरी पंधरवड्याला कडेनं बारीक करून घेतो.
पूर्वी एका श्वासात सोळा ओळी मारायचा म्हणे,
आता चौथ्या ओळीला धाप,
आणि ती धाप कापायचीही लाज वाटली नाही.
मी म्हटलं, मान जरा खाली.

ऐरोलीच्या काचेच्या इमारतीतून सुहृद येतो, शनिवारी.
त्याचं मत वहीत लिहून आणल्यासारखं :
"'प्रकल्पग्रस्त'ला 'सगळं फस्त' जुळवलंय,
हे कॉलेजातल्या पोरालाही सुचलं असतं."
मग, दाढीला फेस लावताना, हळूच :
"खाजण म्हणजे काय हो, नक्की?"
मी वस्तरा खिडकीबाहेर दाखवला.
तुमची सोसायटी उभी आहे ना, पार्किंगसकट,
ते.

अन्सार जुना. एसी दुरुस्त करतो.
पहिली सीडी अजून त्याच्या हत्यारांच्या पेटीत आहे,
मार्करनं नाव लिहिलेली, तीस रुपयांची,
नुसती खरखरते आता.
तो चिडला होता. खरंच चिडला होता.
"तेव्हा साहेबांच्या आया काढायचा,
आता घराच्या हप्त्यावर गाणं करतो,
गुडघ्यावर करतो! गुडघ्यावर कोण रॅप करतं?"
पैसे दिले, चपला घातल्या,
दारातून वळून म्हणाला,
सातवं परत लाव.
सातवं गुडघ्याचंच आहे.

उर्वी दहावीत आहे, केस मुलांसारखे कापून घेते,
आई बाहेर स्कूटरवर बसून राहते, तोंड फिरवून.
तिला जुनं काही माहीत नाही.
म्हणाली, सगळ्या रॅपरना सगळं माहीत असतं,
हा पाचव्या गाण्यात तीनदा म्हणतो,
मला नाही कळत, मला नाही कळत, मला नाही कळत,
आणि बीट तसाच चालू ठेवतो.
ते बरं वाटतं, काका.

गोमीबायला केस कापायचे नव्हते.
नातवाला घेऊन आली होती, बाकड्यावर बसली,
मांडीवर वाकट्यांची पिशवी.
"काय बोलतंय त माना कलत नाय," ती म्हणाली.
"पन मदी मदी थांबतंय ना,
तो त्याचे बापाचा दम हाय.
कंपनीशी सुटला का फाटकाशी सायकल लावाचा,
पयले खोकाचा,
मंगच घरान येवाचा."
नातू हलला. कात्री थोडक्यात चुकली.

सोमवारी दुकान बंद असतं.
शटर अर्धं खाली. वाकून आत आला तो, गुडघा धरून,
जयेंद्र मढवी, वय सेहेचाळीस,
उजव्या कानामागे टाक्याची खूण,
तिथं केस उगवत नाहीत, मी पंचवीस वर्षं बाजूचे ओढून झाकतो.
"काय बोलतात पब्लिक?"
मी पाणी मारत राहिलो.
स्पीकर फाटलाय माझा, म्हटलं, नीट कळत नाही.
हसला. ओळखलं त्यानं.
"दम ठेवला ते चुकलं का?
मिक्स करणारा पोरगा तर दोनदा काढून बसला होता,
मीच परत टाकायला लावला."

कानाशी कात्री असताना बोलू नये, असा आमचा नियम.
कात्री खाली ठेवली.
गोमीबायचं तेवढं सांगितलं,
सायकलीपासून.

तो आरशात बघत होता, पण स्वतःकडे नाही,
मागच्या रिकाम्या बाकड्याकडे.
बराच वेळ.
मग नाक ओढून म्हणाला,
"कल्ले तेवढे काळे कर. शनिवारी वाशीला शो आहे."

डाय कालवता कालवता मी म्हटलं,
एक पास ठेव बाजूला.
"तुला?"
नाही रे, प्रणितला. रोज विचारतोय.